इम्पोर्ट, स्टार्ट, एन्जॉय

पोलादपूर,
3 सप्टेंबर 2025

रा. रा. 'माझ्या मशीनवर चालतं' साहेब यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही कंपनी सोडून गेलात त्याला दीड वर्ष झालं, पण तुमची कृपा मागे राहिली आहे. कृपेचं वजन 38 जीबी. नाव 'डेव्ह-बॉक्स-फायनल-नवीन-2', आडनाव ओव्हीए. आमच्याकडे नवा माणूस लागला, किंवा जुन्या माणसाच्या हाती दुसरा लॅपटॉप आला, की ही फाइल त्याच्या पदरात टाकली जाते. सोबत तुम्ही लिहून ठेवलेली तीन शब्दांची पोथी: इम्पोर्ट, स्टार्ट, एन्जॉय. पहिल्या शब्दाला मी गणेश चतुर्थीच्या पहाटे हात घातला. काल गौरी गेल्या. तिसऱ्या शब्दापर्यंत मी अजून पोचायची आहे.

तुम्ही मला ओळखत नाही. मी मात्र तुम्हाला चांगलीच ओळखू लागले आहे. तुम्ही मारलेल्या कमांडांचा इतिहास, तुमचे बुकमार्क, तुमच्या गोव्याच्या सहलीचे फोटो, असं सगळं तुम्ही त्या फाइलीत ठेवून गेलात. त्याकडे येतेच.

हे पत्र खुलं आहे, शेजारीपाजारीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. व्हर्च्युअल मशीन, लाडाने व्हीएम, म्हणजे संगणकाच्या पोटात मांडलेला दुसरा संगणक. त्याला स्वतःची डिस्क, स्वतःची मेमरी, स्वतःचं नेटवर्क कार्ड, पण सगळं सॉफ्टवेअरने भासवलेलं. बाहेरच्या संगणकाला यजमान म्हणायचं, आतल्याला पाहुणा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 मध्येच व्हीएम/370 नावाने ती बाजारात आणली. तेव्हा खोलीभर पसरलेलं एकच यंत्र पुष्कळ जणांना वाटून द्यायचं असे, आणि प्रत्येकाला वाटायला हवं असे की अख्खं यंत्र माझ्याच मालकीचं. आता यंत्रं ढिगाने झाली आणि गरज उलटली. दहा जणांचे दहा तऱ्हेचे लॅपटॉप, पण आतला पाहुणा सगळ्यांकडे सारखा हवा: तीच लिनक्सची आवृत्ती, तोच डेटाबेस, तीच सेटिंगं. म्हणजे माझा प्रोग्राम दुसऱ्याकडे चालला नाही तर निदान भांडण प्रोग्रामवरून होतं, लॅपटॉपवरून नाही. तुम्ही नेमकं हेच करायला बसला होतात. मुद्दाम आठवण करून देते, कारण फाइल उघडल्यावर तसा संशय येत नाही.

गणपतीला गावी जाऊन तिथूनच काम करायची परवानगी मी कशी मिळवली, ते माझं मला माहीत. अट एकच होती: क्लायंटच्या बिलांची एक दुरुस्ती चतुर्थीनंतर चार दिवसांत द्यायची. निघायच्या दिवशी माझ्या लॅपटॉपने मान टाकली. 'नवा' मिळाला, म्हणजे कुणाचा तरी जुना, आठ जीबी रॅमचा. "व्हीएमची फाइल सर्व्हरवर आहे, उतरवून घे," एवढं सांगून मंडळी आपापल्या गावाला पांगली.

आमच्या घरात रेंज येते ती माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत, तीही फोन ग्रिलला टेकवून ठेवला तर. दिवसाला दोन जीबी मिळतात. 38 भागिले दोन, एकोणीस दिवस. चतुर्थीला सुरुवात केली असती तर गौरी जाऊन, अनंत चतुर्दशी होऊन, पितृपक्षातला एक आठवडा सरल्यावर तुमचा पाहुणा माझ्या घरी पायधूळ झाडता. त्या पंधरवड्यात कोण कोण घरी येतं ते तुम्हाला ठाऊक असेलच.

म्हणून पुण्याहून येणाऱ्या चुलतभावाला साकडं घातलं. ऑफिसात एकच सहकारी मागे राहिला होता. त्याच्याकडून पेन ड्राइव्हवर फाइल घ्यायची आणि यायचं. पेन ड्राइव्ह चौसष्ट जीबीचा, म्हणजे जागेला तोटा नाही. पण भावाने तो गाडीच्या टेपला चालावा म्हणून फॅट32 पद्धतीत ठेवलेला. त्या पद्धतीत एक अखंड फाइल चार जीबीपर्यंतच मावते; खोली कितीही मोठी असो, दारातून कपाट आत जात नाही. तुम्ही त्या फाइलीचे दहा तुकडे करून ठेवले असते तर ते गेले असते. भावाने मग ड्राइव्ह पुसून नव्याने तयार केला. त्यात त्याची भजनं होती, आमच्या वाडीच्या मंडळाने पाच वर्षं जमवलेली. पावसात वरंधा घाटाचा भरवसा नाही, म्हणून तो ताम्हिणीतून माणगावला उतरला आणि महाडवरून पोलादपूरला आला. सगळी वाट वायपरची चाल ऐकत. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावजवळ दोन तास बसून होता. या महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालू आहे. तुमच्या व्हीएमबद्दल "चालू आहे की" असं ऑफिसात जे म्हणतात, ते बहुतेक याच अर्थाने.

चतुर्थीच्या पहाटे घरातली माणसं मूर्ती आणायला गेली आणि मी माडीवर इम्पोर्ट दाबलं. आधी लगीन व्हीएमचं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात. ही म्हण आम्हाला कुणी शिकवावी लागत नाही. इम्पोर्ट झालं. स्टार्ट दाबलं. उत्तर आलं: व्हीटी-एक्स बंद आहे. प्रोसेसरमध्येच पाहुणा सांभाळायची सोय इंटेलने 2005 पासून घातली, पण पुष्कळ लॅपटॉपांत ती बायॉसमध्ये बंद करून ठेवलेली असते. ती चालू करायची तर लॅपटॉप सुरू होता होता एफ-2, एफ-10, डिलीट, जी लागू पडेल ती कळ बडवत राहायचं. खाली ढोल आले होते. आई जिन्यातून विचारत होती, अगं, अक्षता कुठे ठेवल्यास? आणि मी वर लॅपटॉपच्या कळा टिपऱ्यांसारख्या वाजवत होते.

सोय चालू झाली, तर ती विंडोजने परस्पर बळकावली. विंडोजच्या पोटात हायपर-व्ही नावाची स्वतःचीच अशी व्यवस्था असते. ती जागी झाली की आपला व्हीएम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या आडून, वाकून काम करावं लागतं. हे कळतं कशावरून? खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव दिसतं. थट्टा नाही, खरोखर कासव आहे. देवळात शिरताना आपण कासवाला हात लावून पुढे जातो. हे कासव तसं पुढे जाऊ देत नाही. एक साधी खिडकी उघडायला दिलेली आज्ञा ते गाभाऱ्यात नेतं, प्रदक्षिणा घालतं, प्रसाद घेतं आणि मग परततं. विंडोजमधली ती व्यवस्था तीन ठिकाणी शोधून बंद केली, दोनदा रीस्टार्ट केलं, तेव्हा कासवाने मुक्काम हलवला.

यात तुमचा दोष नाही, हे कबूल. बायॉस तुम्ही लिहिलं नाही, विंडोजही नाही. पण तुम्ही या वाटेने आधी गेला होतात. तुम्हालाही ते कासव दिसलंच असणार. "पुढे कासव आहे, अमुक ठिकाणी बंद करा," एवढी ओळ लिहायला 'एन्जॉय' लिहिण्यापेक्षा फार तर अर्धं मिनिट जास्त लागलं असतं.

पाहुण्याने मग ताट मागितलं. बारा जीबी मेमरी. यजमानाच्या घरात सगळी मिळून आठ. प्रोसेसर सहा हवेत, यजमानाकडे चार. आमच्याकडे तीस-तीस माणसं गणपतीला उतरतात, पण येणारा आधी घरात चुली किती ते बघतो. मी मेमरी चारवर आणली, प्रोसेसर दोनवर. पाहुणा कुरकुरला, पण उठून बसला.

काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. मला बरं वाटलं. ओळी थांबल्या. 'इमर्जन्सी मोड.'

सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची लिनक्समध्ये एक यादी असते, एफएसटॅब नावाची. तुमच्या यादीत एक ओळ तुमच्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवरचा एक फोल्डर मागते. माझ्याकडे तुमचा डी ड्राइव्ह नाही, हे मी त्या यंत्राला कोणत्या तोंडाने सांगू? त्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द असता तर ते "नाही? बरं, राहू दे" म्हणून पुढे गेलं असतं. शब्द नव्हता, म्हणून ते दारातच बसलं. आत जाऊन ओळ काढावी म्हटलं तर संदेश: रूटचं खातं कुलूपबंद आहे, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. एंटर दाबलं. रूटचं खातं कुलूपबंद आहे, पुढे जाण्यासाठी एंटर दाबा. अकरा वेळा दाबलं. बाराव्या वेळी आरतीची हाक आली आणि मी जाऊन आरती म्हटली. डोळ्यांपुढे मूर्ती होती, पण दिसत होता तो एंटर.

रायगड किल्ला शेजारच्याच महाड तालुक्यात, त्यामुळे हिरकणी आम्हाला पाळण्यापासून माहीत. दरवाजे संध्याकाळी बंद झाले, पहारेकरी ऐकेनात, घरी तान्हं लेकरू. म्हणून ती गवळण कडा उतरून घरी गेली. मीही शेवटी कड्यानेच उतरले. व्हीएम सुरू होतानाचा तो जेमतेम एक क्षण असतो, त्यात शिफ्ट धरून ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची, यादी पकडायची. सात वेळा निसटली. आठव्या वेळी सापडली. मग कर्नलच्या लांबलचक ओळीच्या शेपटाला "मला थेट बॅशमध्ये सोड" अशा अर्थाचे शब्द जोडले, डिस्कवर लिहिता येईल असं केलं, तुमची ती ओळ शोधली आणि तिच्या पुढ्यात # ठेवलं. एक चिन्ह. तेवढ्यासाठी दुपारचं जेवण, नैवेद्याचं पान आणि माझ्या हातचे एकवीस मोदक गेले. काकूने केले, आणि "पुण्याला गेल्यापासून हिला कळ्या पाडता येत नाहीत" असं सगळ्या आळीत झालं. आख्यायिका अशी की महाराजांनी हिरकणीला साडीचोळी दिली आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. मला साडीचोळी नको. बुरुजाचं मात्र बघा, कारण ज्या किल्ल्यात कुणीही कड्यावरून उतरू-चढू शकतं, त्यात कुणी चाव्या ठेवत नाही. तुम्ही ठेवल्या होत्या.

झालं असं की आत शिरल्यावर मी आधी 38 जीबीचा हिशेब मांडला. 'डीयू' नावाची एक साधी कमांड आहे, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते ती चहाडखोरासारखं सांगते. लिनक्स, डेटाबेस, कामाची सगळी हत्यारं, मिळून साधारण अकरा जीबी. तुमच्या डाउनलोडमध्ये एका परदेशी मालिकेचे दोन सीझन, नऊ जीबी. गोवा, सहा जीबी. त्यात एकाच सूर्यास्ताचे तीन व्हिडिओ. उरलेले बाराएक जीबी म्हणजे तुम्ही कधीतरी पुसून टाकलेल्या फाइलींची भुतं. पाहुण्याने आत काही पुसलं तरी डिस्कची प्रतिमा आपोआप आक्रसत नाही. रिकामी जागा आधी शून्यांनी भरायची आणि मग दाबून घ्यायची, दोन कमांडचं काम. ते झालं नाही. म्हणजे माझा भाऊ ताम्हिणीतून भजनांवर पाणी सोडून आला तो तुमचा सूर्यास्त घेऊन.

आणि एका कोपऱ्यात तुमची एसएसएचची खासगी चावी, तीही बिनपासवर्डची. शेजारी 'पासवर्ड' याच नावाची मजकूर फाइल. चावी कुलपालाच लटकवून कुलूप गावभर वाटलंत की हो. ही ओव्हीए आजवर ज्याला ज्याला दिली त्या प्रत्येकाकडे ती चावी आहे, आणि त्यातले निम्मे आता दुसऱ्या कंपन्यांत आहेत. ऋषिपंचमीला मी वरिष्ठांना फोन केला. ते कुडाळात भजनात होते. मागे टाळ वाजत होते आणि ते म्हणत होते, "तो माणूस हुशार होता पण." दुसऱ्या दिवशी चाव्या रद्द केल्या गेल्या. ऋषीची भाजी मी फोन कानाला लावूनच खाल्ली.

नेटवर्कचं थोडक्यात सांगते, कारण रागही आता शिळा झाला. तुम्ही पाहुण्याचं कार्ड 'ब्रिज्ड' ठेवलं होतं, म्हणजे तो यजमानाच्याच नेटवर्कवर वेगळा गृहस्थ म्हणून मिरवणार, आणि तेही तुमच्या टेबलाखालच्या इथरनेट कार्डाचं नाव घेऊन. पत्ता पक्का बांधलेला: 192.168.1.50. तुमच्या टेबलाला तो पत्ता असेल, माझ्या खिडकीला नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर ब्रिजचं गणित जमेलच असंही नाही. मी त्याला 'नॅट'वर आणलं, म्हणजे पाहुण्याने यजमानाच्या पाठीमागून बाहेर बघायचं, आणि 8080 क्रमांकाचं दार आतल्या 8080 ला जोडून दिलं. तरी ब्राउझर कोरा. तासाभराने कळलं की तुमचा सर्व्हर 127.0.0.1 वर बसवला आहे, म्हणजे फक्त स्वतःचं ऐकतो. इथे मात्र मला तुमची ओळख पटली.

बाकी किरकोळ. स्क्रिप्टी कधीतरी विंडोजमध्ये उघडून जतन केलेल्या, त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी घातलेला एक एम बसलेला आणि बॅश त्याला ओळख दाखवायला तयार नाही. पाहुण्याला यजमानाशी जुळवून देणारी गेस्ट ॲडिशन्स जुनी. वेळ जुळवणारी सेवा तुम्ही बंद करून ठेवलेली. का, ते तुमच्या एवढ्या मोठ्या इतिहासात कुठे सापडलं नाही. त्याचा परिणाम असा की शनिवारी रात्री लाईट गेली, लॅपटॉप झोपला, सकाळी उठला, पण पाहुण्याचं घड्याळ आदल्या रात्रीवरच अडलेलं. बाहेरच्या एका भांडारातून एक पॅकेज घ्यायला गेले तर उत्तर आलं: ही यादी अजून वैध नाही, आणखी पाच तास सव्वीस मिनिटांनी होईल. गौरी आणायचा मुहूर्त गुरुजींनी सांगितला होता. हा दुसरा मुहूर्त मशीनने सांगितला.

तुमची लिनक्स उबुंटू 18.04. चांगली आवृत्ती होती. 2018 साली निघाली आणि 2023 मध्ये तिच्या सर्वसाधारण दुरुस्त्या बंद झाल्या. ऑफिसात याबद्दल बोललं की उत्तर ठरलेलं असतं, अजून चालतंय ना. इथे मला थट्टा सुचत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या अंधारात नदीत गेल्या. त्या संध्याकाळपर्यंत पूल चालतच होता. तेव्हापासून आमच्याकडे कुणी "अजून चालतंय ना" म्हटलं की ऐकणारा गप्प होतो.

महाडच्या बाजारात माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. तुम्ही ते पाहायला हवं होतं, निदान व्हीएम बनवायच्या आधी. सावित्री आणि गांधारी या नद्या मिळून बाजारात येतात हे तिथल्या प्रत्येकाने गृहीत धरलेलं असतं. दुकानाच्या आतल्या भिंतीवर, माळ्याच्या शिडीमागे, पाण्याच्या दोन रेघा आहेत: 2005 ची आणि 22 जुलै 2021 ची. दुसरी पहिलीच्या वर. त्यांच्या शेजारी लाल ऑइलपेंटने यादी लिहिली आहे. मेन स्विच पाड. उधारीच्या वह्या वर. वजनकाटा वर. साखर, मीठ, पोहे. कडधान्यं. साबण. तेलाचे डबे शेवटी, बुडले तरी पुसून घेता येतात. दोरी शिडीच्या मागे. बॅटरी देव्हाऱ्यात. आधीची यादी खडूने लिहिली होती, ती 2005 च्या पाण्याने पुसली, म्हणून ऑइलपेंट.

मी मामाला म्हटलं, तुला तर हे झोपेतही येतं, मग लिहिलंस कशाला? मामा साखर जोखत होता. मान वर न करता म्हणाला, "माझ्यासाठी नाही गं ती. मी खेडला गेलेलो असलो आणि पाणी आलं, तर नव्या पोराला कळायला नको?" मामा नववीपर्यंत शिकला आहे. तुमची पदवी तुमच्या बायोडेटात आहे. बायोडेटाही व्हीएममध्येच आहे, तीन आवृत्त्यांत.

आणि असं नाही की तुमच्या धंद्यात भिंतीवर यादी लिहायची रीत नाही. व्हॅग्रंट नावाचं साधन 2010 पासून आहे. पाहुण्याला किती मेमरी, कुठली लिनक्स, कुठलं दार कुठे उघडायचं, आत काय काय कुठल्या क्रमाने बसवायचं, हे सगळं साध्या मजकुरात लिहायचं. यंत्र ती फाइल वाचून पाहुणा नव्याने उभा करतं. बिघडला तर मोडायचा, पुन्हा उभा करायचा. गौरी जेवल्या त्या रात्री मी ती लिहून काढली. एकसष्ट ओळी झाल्या, दोन केबी. मूळ लिनक्सचा सांगाडा आणि आत बसवायची हत्यारं प्रत्येकाला उतरवावी लागतातच; सांगाडा काही शे एमबीचा. माझ्या खिडकीतून रात्रीत येतो. बाकी सगळं त्या दोन केबीत. ती फाइल मी भावाच्या फोनवर पाठवून बघितली. तो गोठ्याशी उभा होता, रेंजची एक कांडी होती, तरी पोचली.

कुणी पुण्याहून पोलादपूरला उकडीचे मोदक कुरियरने पाठवत नाही, कृती पाठवतात. आता खरं सांगायचं तर आईला मोदकाची कृती विचारली की ती "उकड अंदाजाने" म्हणते, पाणी "लागेल तेवढं", वेलची "वास येईपर्यंत". म्हणजे आमच्या घरातले 'तुम्ही' म्हणजे तीच. पण तिच्याबद्दल एवढं म्हणेन की ती समोर उभी राहून हात धरून शिकवते, आणि ती अजून घर सोडून गेलेली नाही.

बिलांची दुरुस्ती मी सोमवारी रात्री दिली. खाली अंगणात जाखडीचा फेर धरला होता, घुंगरांनी माडीची फळी हलत होती आणि मी हेडफोन लावून क्लायंटला सांगत होते की उशीर 'काही तांत्रिक कारणांमुळे' झाला. तुमचं नाव घेतलं नाही. ऑफिसात मात्र घेतलं आहे. तुमची ओव्हीए सर्व्हरवरून काढावी असं मी लेखी कळवलं, त्यावर उत्तर आलं की ती राहू द्यावी, कधी गरज लागली तर असावी. म्हणजे तुम्ही आणखी काही वर्षं आमच्यात आहात.

कळावे, लोभ होता तेवढा पुरे.

आपली,
डेव्ह-बॉक्स-फायनल-नवीन-2 ची एक भाडेकरू

ता. क. शनिवारी लाईट गेली तेव्हा घरातली पोरं लॅपटॉपभोवती बसली आणि बॅटरी संपेपर्यंत त्यांनी तुमची मालिका पाहिली. भाषा कुणाला कळत नव्हती, तरी आई शेवटपर्यंत हलली नाही. नंतरचे भाग मग रोज रात्री झाले. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग तुमच्याकडे अर्धाच उतरला होता. आई रोज विचारते, त्या म्हाताऱ्याला शेवटी मारलं कुणी. उलट टपाली कळवावे.